तगर ते शूर्पारक : किनाऱ्याच्या ज्ञानाचा वारसा

धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बालाघाटाच्या माथ्यावर पसरलेल्या या मुलखापासून कोकणची किनारपट्टी सरळ रेषेत मोजली तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर पडते. जेथे पावसाच्या चार सरींसाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते, त्या जिल्ह्याचे नाव घेऊन आम्ही किनाऱ्याच्या रक्षणाविषयी लिहायला बसलो आहोत, याचे वाचकांना नवल वाटेल. भरती-ओहोटीच्या गोष्टी वसईच्या, उत्तनच्या, फार तर गोव्याच्या माणसाने सांगाव्यात. त्यात मराठवाड्याचे काय काम, असेही कोणी विचारील. तथापि इतिहासाची जुनी पाने उलटू लागलो की ध्यानात येते, ते असे की धाराशिवच्या मातीत समुद्राच्या खुणा आहेत आणि आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात धाराशिवचे नाव कोरलेले आहे. किनारा कोणी सांभाळावा आणि कोणाच्या ज्ञानावर सांभाळावा, हा आजचा वादाचा प्रश्न. त्याचे एक जुने उत्तर या वाटेवर सापडते.

तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी हे गाव ‘तगर’ या नावाने जगाच्या व्यापारी नकाशावर होते. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या विद्वानाने प्राचीन तगर म्हणजेच आजचे तेर, हे साधार दाखवून दिले. त्यानंतर येथील पांढरीच्या टेकाडांवर अनेकदा उत्खनने झाली. रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेली मातीची पदके, पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती, शंखाच्या बांगड्या आणि पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देणारी हस्तिदंताची स्त्रीप्रतिमा, अशा वस्तू या भूमीने दिल्या. मात्र यातील पुष्कळसा ठेवा विद्यापीठांच्या पंडितांआधी गावच्याच एका माणसाने ओळखला. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावाच्या परिसरात मिळणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षे जपून ठेवल्या. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. गावच्या माणसाची जाणकार नजर आणि संशोधकाची चिकित्सा, दोन्ही एकत्र आल्या म्हणून तगर पुन्हा जगापुढे आले, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. कारण पुढचे सारे विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासपुस्तक लिहिले. त्याचे नाव काळाच्या उदरात गडप झाले; पुस्तक मात्र राहिले. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे १० दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून मौल्यवान दगड, तर तगरहून जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून तेथे येऊन पडणारा इतर माल, गाड्यांमधून, जेथे धड रस्ता नाही अशा विस्तीर्ण मुलखातून भडोचला जात असे. म्हणजे धाराशिवच्या मागावर विणलेले कापड सागर ओलांडत होते आणि समुद्रकाठचा माल बालाघाटावर येत होता. ज्या जिल्ह्याला आज आपण किनाऱ्याशी संबंध नसलेला म्हणतो, त्याची भाकर दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या बंदराशी बांधलेली होती.

आता याच पुस्तकातील एका भागाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भडोचची खाडी फार फसवी. भरतीचा लोंढा तेथे अशा वेगाने येतो की नांगरलेले जहाजही टिकत नाही. ओहोटी लागली की जेथे पाणी होते तेथे वाळूचे दांडे उघडे पडतात. परक्या नाखव्याने तेथे स्वतःच्या बुद्धीवर शिरणे म्हणजे मरण. म्हणून राजाने काय केले? पेरिप्लसकार सांगतो की, राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छीमार मोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी उभे राहत, थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जाऊन येणाऱ्या जहाजांना गाठत आणि भरतीबरोबर चालत, ओहोटीला ठरलेल्या खोल जागी थांबत, त्यांना बंदरात सुखरूप आणीत.

या प्रसंगाचा अर्थ आम्हाला मोलाचा वाटतो. खाडीचे ज्ञान मच्छीमाराजवळ होते. राजाला त्याची किंमत कळली. त्याने ते ज्ञान राज्याच्या कारभारात मानाने बसवले. आणि परदेशच्या एका अभ्यासू माणसाने ते विचारून, पाहून, लिहून ठेवले. कोळ्याचे ज्ञान, राज्याची व्यवस्था आणि लेखकाची नोंद, या तिन्हींचा असा मेळ बसला म्हणून तगरचे कापड बुडाले नाही. किनाऱ्याच्या व्यवस्थापनात संशोधन आणि लोकज्ञान यांची सांगड घालावी, असे आज परिषदांमधून सांगितले जाते. आपल्या देशात त्याचा लेखी दाखला दोन हजार वर्षांचा आहे.

पेरिप्लसमध्ये भडोचनंतर ओळीने येणारी नावे आपल्या घरची आहेत : सोपारा, कल्याण, चौल. सोपारा म्हणजे शूर्पारक, वसईच्या आपल्या धर्मग्रामांचा शेजार. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप खणला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास मिळाला आणि १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा भुईगाव येथे सापडला. एकेकाळी जेथे दूरदेशीची गलबते लागत, तेथे आज गाळ, माती आणि इमारतींची दाटी आहे. समुद्राने दिलेली बंदरे गाळ हळूहळू परत घेतो. किनारा ही आखून ठेवलेली रेघ नव्हे. तो सतत सरकणारा, श्वास घेणारा जीव आहे, हा सोपाऱ्याचा पहिला धडा.

तगर आणि शूर्पारक यांचे नाते व्यापारावरच संपले नाही. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर, म्हणजे ठाणे, सोपारा, वसई या आपल्या परिसरावर, शिलाहारांचे राज्य होते. हे राजे आपल्या ताम्रपटांतून ‘तगर नगराचे स्वामी’ अशा अर्थाचे बिरुद अभिमानाने मिरवीत. आपले मूळ तेरचे, ही आठवण त्यांनी समुद्रकाठीही सोडली नाही. १०९४ सालच्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव शिलाहाराने दोन श्रेष्ठींच्या गलबतांना ठाणे, नागपूर (हे कोकणातील बंदर, विदर्भातील शहर नव्हे), शूर्पारक आणि चौल या बंदरांतील जकात माफ केल्याची नोंद आहे. धाराशिवचे नाव लावणारे राजे कोकणच्या बंदरांचा कारभार पाहत होते. देश आणि कोकण असा जो भेद आपण आज सहज करतो, तो त्या काळच्या राज्यकर्त्यांना परवडणारा नव्हता.

किनाऱ्याच्या लोकज्ञानाचे दुसरे थोर उदाहरण गोव्याचे. तेथील खाजण जमिनी म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची भूमी. गावकऱ्यांनी माती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून ती समुद्राकडून मागून घेतली. या बांधातील ‘मानस’ नावाचा लाकडी दरवाजा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतो आणि ओहोटीला उघडतो. त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही, पावसाचे पाणी निघून जाते, आतल्या पाण्यात मासळीही वाढते. खारेपण सोसणारे ‘कोरगूट’ भात तेथे पिकते. १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारीच्या चालीरीती लेखी नोंदवून घेतल्या. त्यामागे सारावसुलीचा हेतू होता, हे आम्ही विसरत नाही. तथापि रीत मोडण्याआधी ती विचारून घ्यावी, एवढे शहाणपण त्या नोंदीत होते. १९६१ नंतर जमिनीचे कायदे बदलले, बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली आणि अनेक ठिकाणी निगा सैल पडली. बांध फुटला की शेत एका उधाणात खारे होते. ज्ञान पुस्तकात असून भागत नाही. ते राबवणारे हात आणि त्या हातांना बांधून ठेवणारी संस्था लागते, हा खाजणांचा धडा.

स्वतंत्र भारतात किनाऱ्यासाठी कायदा व्हायला बराच काळ गेला. १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. ती आवश्यकच होती. परंतु नकाशावर रेघ ओढताना त्या रेघेच्या आत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न मागे राहिला. कोळीवाड्यातील वाढत्या कुटुंबाला खोली वाढवण्याची चोरी, असा अनुभव गावोगावी आला. मच्छीमार संघटनांच्या दीर्घ आग्रहानंतर २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमार वस्त्यांचा स्वतंत्र विचार झाला आणि बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची नोंद करून त्यांना वेगळी तरतूद देण्यात आली. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. कोळ्याच्या घरासाठी दार किलकिले करावे आणि त्यातून दुसऱ्याच कोणाचा हत्ती आत यावा, ही भीती किनाऱ्यावरच्या माणसाला वाटली तर तिला निराधार म्हणता येणार नाही.

या लढ्याची एक कथा आपल्या वाचकांना मुखोद्गत आहे. १९८८ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे सावट आले, विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे एक अध्वर्यू होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’चे संपादक. समुद्रकाठच्या जमिनीतून गोडे पाणी बेसुमार काढले तर त्याची जागा खारे पाणी घेते, हे भूजलशास्त्र सांगते. वसईचा बागायतदार हेच सांगत होता. त्याची प्रयोगशाळा त्याच्या वाडीतली बावखल होती. पुढे १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव येथे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले आणि अध्यक्षपदी फादर दिब्रिटो होते. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. साहित्यरसिकांनी तो मराठीचा सोहळा म्हणून पाहिला. आम्ही त्याकडे इतिहासाच्या नजरेने पाहतो, तेव्हा तगरहून शूर्पारकाला गेलेली वाट उलट दिशेने चालत आल्यासारखी भासते. खाऱ्या पाण्याशी झगडलेला माणूस गोड्या पाण्यासाठी झगडणाऱ्या माणसांच्या पाहुणचाराला आला होता. २५ जुलै २०२४ रोजी फादरांचे निधन झाले. त्यांनी लावलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही.

लोकज्ञान ऐकले तर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण वरळीचे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जाणार होता आणि खांबांमधील अंतर ६० मीटर ठरले होते. कोळीबांधवांचे म्हणणे असे की, वारा, लाटा आणि प्रवाह एकदम अंगावर आले की एवढ्या फटीतून होडी नेणे जिवावरचे आहे. आकडेमोड करणाऱ्यांना ते प्रथम पटले नाही. आंदोलने झाली, चर्चा झाल्या आणि अखेर २०२२ च्या शेवटी एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. भडोचच्या राजाने जे आपणहून विचारले होते, ते वरळीच्या कोळ्याला झगडून सांगावे लागले. तरीही ते ऐकले गेले, याची नोंद इतिहासाने घ्यावी.

परंतु लोकज्ञान म्हटले म्हणजे ते एकमुखी असते, असा भाबडा समज आम्ही पसरवू इच्छित नाही. वसई-उत्तनचे डोलकर समुद्रात ‘कवी’ मारून, म्हणजे जाळे बांधण्यासाठी खुंट रोवून, प्रवाहात डोल लावतात. उत्तरेकडील सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांना त्या कवींमुळे आपले क्षेत्र आक्रसते असे वाटते. हा वाद जुना आहे आणि दोन्हीकडे आपलीच माणसे आहेत. अशा वेळी शास्त्राचा आधार लागतो. पापलेटची पिले जाळ्यात येऊ लागली की उद्याची मासळी आजच संपते, हे जुने तांडेल जाणतात. पण किती लांबीचे पापलेट पकडावे, हे मोजून सांगणे संशोधकाचे काम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची आपल्या वाडवडिलांची रीत आणि १ जून ते ३१ जुलै ही आजची सरकारी मासेमारी बंदी, ही एकाच शहाणपणाची दोन रूपे आहेत.

ज्ञान ऐकूनही निर्णय दुसरा झाला तर? डहाणू तालुक्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. १९९८ साली त्याने वाढवणच्या बंदराला नकार दिला. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, नव्या अध्यक्षांच्या काळात, अटींसह संमती दिली; जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदर नको असे आम्ही म्हणत नाही. तगरचे कापडही बंदरातूनच गेले. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या खडकाळ पट्ट्यात मासळी अंडी घालते असे मच्छीमार सांगतात, त्या पट्ट्याविषयी त्यांना साक्षीदार मानावे, केवळ नुकसानभरपाईचे अर्जदार मानू नये.

आता पुन्हा बालाघाटावर येऊ. धाराशिवचे पावसाचे पाणी कोकणात उतरत नाही. तेरच्या पायथ्याशी वाहणारी तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. नळदुर्गच्या किल्ल्यात जिच्यावर आदिलशाहीतला पाणीमहाल उभा आहे, ती बोरी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. हे सारे पाणी, आणि पाण्याबरोबरची माती, आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराकडे जाते. नदीचा गाळ ही त्रिभुज प्रदेशाची भाकर. गोदावरीच्या मुखाविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की, १९७० च्या दशकात वर्षाकाठी सुमारे १५ कोटी टन असलेला गाळ १९९० च्या दशकात ६ कोटी टनांच्याही खाली आला आणि १९७६ ते २००१ या २५ वर्षांत त्या किनाऱ्यावर १८०० हेक्टरांहून अधिक भूमी निव्वळ घटली. गाळ वाटेतल्या धरणांत अडला होता.

म्हणून काय मराठवाड्याने धरणे बांधू नयेत? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यापुढे असे बोलण्याचे धाडस कोणी करू नये. तहानलेल्याला समुद्राची गोष्ट सांगणे हा क्रूरपणा होईल. पण धरणात साचलेला गाळ धरणालाही मारतो, हे शेतकरी आधीपासून जाणतो; तलाव आटला की तळातली सुपीक माती गाडीत भरून शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तिच्या मुळाशी हेच लोकज्ञान आहे. बांधावरची माती बांधावरच राखणे, नदीला थोडे वाहू देणे आणि किनाऱ्याचा हिशेब मांडताना डोंगरमाथ्यापासून सुरुवात करणे, ही एकाच विचाराची तीन अंगे होत. धाराशिवचा कुणबी आणि गोदावरीच्या मुखावरचा मच्छीमार एकमेकांना ओळखत नाहीत. नदी मात्र दोघांनाही ओळखते.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना या इतिहासातून काय घेता येईल? लामतुरे यांनी जे तेरच्या पांढरीवर केले, ते आपणही करू शकतो. उधाण कोणत्या तिथीला कोठवर चढत असे, भांगाच्या भरतीला कोणती खाडी कोरडी पडे, कोणत्या बावखलीचे पाणी कोणत्या साली खारे झाले, तिवरांची झाडी कोठून कोठपर्यंत होती, कोणती मासळी दिसेनाशी झाली, हे घरातील वृद्धांना ठाऊक असते आणि ते त्यांच्याबरोबर जाते. धर्मग्रामाच्या तरुणांनी ते तारीखवार लिहून घ्यावे, नकाशावर खुणा कराव्यात, महाविद्यालयातील भूगोलाच्या, जीवशास्त्राच्या अध्यापकांकडून तपासून घ्यावे. सभेत घोषणा देणाऱ्याला परत पाठवता येते. पन्नास वर्षांची नोंद हातात घेऊन आलेल्या गावाला परत पाठवणे अवघड जाते.

पेरिप्लस लिहिणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत नाही, भडोचच्या खाडीत जहाजे आणणाऱ्या कोळ्यांचीही नावे माहीत नाहीत. परंतु एकाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहिले, म्हणून दोन हजार वर्षांनंतर धाराशिवच्या एका खेड्याला आपले हरवलेले नाव परत मिळाले. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची नावे हरवण्याआधी हे सांगणे आणि लिहिणे सुरू व्हावे.